आठव्या मजल्यावरची हवा

४ ऑक्टोबर

आज जिन्यात रहिवाशांची सभा झाली आणि मी इमारतीचा कारभारी झालो. निवडणूक अशी: जुन्या कारभाऱ्याने विचारलं, कोण घेतं. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मी छताला आलेली ओल बघत होतो, म्हणजे मान वर होती. ठराव एकमताने मंजूर. सोफियात वीसेक वर्षं राहून, पुण्याच्या वर्तमानपत्राला दर आठवड्याला इथला मजकूर पाठवून जी प्रतिष्ठा लाभली नाही, ती अशी छताकडे पाहून लाभली.

पदाबरोबर तळघराची किल्ली आली आणि एक काम आलं. उन्हाळ्यात तळघरातल्या गंजलेल्या नळ्या बदलल्या, त्यासाठी खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांतलं सगळं पाणी काढून टाकलं होतं. शहराच्या भट्टीतून गरम पाणी सुटण्याआधी नळ्या पुन्हा भरायच्या आणि आत अडकलेली हवा सोडायची. जुन्या कारभाऱ्याने हे नीट समजावून सांगितलं आणि संध्याकाळीच तो आपल्या गावी राहायला गेला. दूरदृष्टीचा माणूस.

इस्पितळात जाऊन बायकोला, नेवेनाला, सांगितलं. ती हसली, मग खोकली, मग उरलेलं हसली. म्हणाली, "वासो, तुला घरातला बल्ब बदलता येत नाही. तू आठ मजले गरम करणार?" वासुदेवाचा वासो मी इथे आल्याच्या पहिल्या आठवड्यातच झाला होता. म्हटलं, अग्नीचं आवाहन हा माझ्या अभ्यासाचा विषय होता. ती म्हणाली, आवाहन जरूर कर, पण हातात पाना घेऊन कर.

तिचे हात गार होते. ऑगस्टपासून गारच आहेत. त्या इस्पितळाच्या खिडक्यांना फटी फार.

९ ऑक्टोबर

कोल्यो प्लंबरबरोबर तळघरात. कोल्यो बोलतो कमी आणि उसासे जास्त टाकतो. त्याच्या उसाशांवरून बिघाडाचा अंदाज येतो. आज तीनच टाकले.

आमच्या घरांची रचना अशी की नळ्या उभ्या जातात. एक सगळ्या स्वयंपाकघरांतून, एक सगळ्या दिवाणखान्यांतून, एक सगळ्या झोपायच्या खोल्यांतून. पाणी खालून चढतं आणि हवा त्याच्यापुढे पळत वर जाते. तिला बाहेर पडायला एकच वाट, आठव्या मजल्यावरच्या रेडिएटरचा बारका स्क्रू. म्हणजे खालच्या सातही घरांची ऊब वरच्या एका माणसाच्या हातात. राज्यशास्त्रात याला काय म्हणतात ते मला आठवेना.

वरचा माणूस म्हणजे बाय स्तामेन. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला 'बाय' म्हणायची रीत आहे. मराठी जिभेला ती वळायला मला दोन हिवाळे लागले. पूर्वी तो रेल्वेत सिग्नल सांभाळायचा. बायको त्सोंका फेब्रुवारीत गेली. तेव्हा गावच्या रीतीने तिला रात्रभर घरीच ठेवलं होतं आणि आम्ही शेजारी पाळीपाळीने बसायला गेलो होतो. त्या खोलीत एवढा गारठा की मला अंगातला कोट काढवेना. नेवेना म्हणाली होती, गप्प बस. मी मनात म्हटलं होतं, अशा वेळीही रेडिएटर लावत नाही, काय चिक्कू माणूस आहे.

इमारतीच्या दारावर त्सोंकाबाईंचा फोटो असलेला मृत्यूचा कागद आहे. लोक चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने नवा लावतात. बाय स्तामेन पाऊस झाला की लावतो. त्याच्या शेजारी मी माझी सूचना चिकटवली: सोमवारी हवा सोडणार, सर्वांनी घरी राहावे.

१० ऑक्टोबर

सूचना गळून पडली. त्सोंकाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा डिंक कुठला ते विचारायला हवं.

१४ ऑक्टोबर

स्वयंपाकघरं झाली, दिवाणखाने झाले. झोपायच्या खोल्यांची नळी मात्र निर्जीव. बाय स्तामेनने स्वयंपाकघरात घेतलं, दिवाणखान्यात घेतलं, तिसऱ्या खोलीच्या दाराशी मात्र पाठ लावून उभा राहिला.

म्हणाला, "ती खोली बंद आहे."

मी सांगितलं, खोली बंद असू दे, रेडिएटर उघडा हवा. त्याचा नळ उघडल्याशिवाय हवा त्या स्क्रूपर्यंत पोहोचत नाही.

"सहा फेब्रुवारीला मी तो नळ बंद केला. बंदच बरा आहे."

बंद करण्यात बरं काय, असं विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गाडी येताना रुळावर उभा आहे. कोल्योने मोठा उसासा टाकला आणि अवजारं आवरली.

पाचव्या मजल्यावरच्या बाईंचं मत, म्हातारा त्या खोलीत दारू गाळतो. सहाव्या मजल्याचं मत, पैसे पुरलेत. आठव्या मजल्यावर पैसे कशात पुरणार हे मी विचारलं नाही. कारभाऱ्याने लोकांच्या श्रद्धेला धक्का लावू नये.

१९ ऑक्टोबर

चांगला दिवस. डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून आपल्या खोलीत बोलावलं, बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली. एरवी त्या जिन्यातच बोलतात. म्हणाल्या, नेवेनाला पुढच्या आठवड्यात घरी न्या. इथे ठेवून आम्ही वेगळं काही करणार नाही. तिला आपल्या बिछान्यावर बरं वाटेल. खोली उबदार ठेवा. दुखलं तर लावायच्या पट्ट्या दिल्या, त्या हव्या तितक्या मिळतील म्हणाल्या. पथ्याचं विचारलं, तर म्हणाल्या, पथ्य काही नाही, जे मागेल ते द्या.

दोन महिने मीठ नाही, तळलेलं नाही, लोणचं नाही, आणि आता एकदम सगळं उठवलं. शास्त्रात विश्वासू माणसाचा शब्द हे प्रमाण मानतात. डॉक्टरीणबाई विश्वासू आहेत, कॉफीही चांगली होती.

नेवेनाची बहीण दोब्रिंका हिला फोन करून बातमी दिली. ती रडायला लागली. दोब्रिंकाचं काही कळत नाही. आमच्या लग्नातही ती रडली होती.

२१ ऑक्टोबर

शहराने उष्णता सोडली. दिवाणखान्यातला रेडिएटर खाकरला, घुमला आणि तापला. झोपायच्या खोलीतल्या रेडिएटरला हात लावला तर इस्पितळातल्या हातांसारखा.

डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान करावं, हे लहानपणी घोकलं होतं. इथे भट्टीचा धूर खिडकीतून समोर दिसतो आणि अग्नी माझ्या खोलीत आलेला नाही. त्या डोंगरावर नळ्या नव्हत्या.

दोब्रिंकाने सुचवलं, नेवेनाचा पलंग दिवाणखान्यात हलवू. मी फोनवर नेवेनाला विचारलं. ती म्हणाली, "मी काय पाहुणी आहे, दिवाणखान्यात झोपायला?" तिला तीच खोली हवी, खिडकीतून विटोशा डोंगर दिसतो ती. विजेचा हीटर लावून पाहिला. त्याने हवा इतकी कोरडी केली की मलाच खोकला आला, आणि मग जिन्याच्या दोन मजल्यांची वीज गेली. कारभाऱ्याकडे तक्रार करायला चारजण आले. कारभाऱ्याने काळोखात सहानुभूती व्यक्त केली.

२२ ऑक्टोबर

पुन्हा आठवा मजला. या वेळी भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी घेऊन गेलो. नेवेनाने गेल्या सप्टेंबरात केलेली. या वर्षी झालीच नाही. बाय स्तामेनने साखळी न काढता फटीतून बरणी आत घेतली, झाकणावरचं वर्ष वाचलं, "गेल्या सालची चांगली झाली होती," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

चाणक्याने साम, दाम, दंड, भेद सांगितले. बरणी कशात मोडते ठाऊक नाही, पण ती गेली.

रात्रीच्या जेवणानंतर दंडाचा मसुदा केला: "सामाईक नळीस अडथळा आणणाऱ्या रहिवाशांविरुद्ध" वगैरे. वाचून पाहिला. माझंच मन गार पडलं. फाडला.

२४ ऑक्टोबर

नेवेना उद्या येणार. सकाळीच वर गेलो, हातात काही न घेता. साखळीच्या फटीतून सांगितलं की तिला घरी आणतो आहे आणि तिला तीच खोली हवी आहे.

"बरी झाली?" त्याने विचारलं.

"सुधारणा आहे. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या घरी न्या."

"पथ्य काय सांगितलं?"

"काही नाही. जे मागेल ते द्या म्हणाल्या."

तो माझ्याकडे पाहत राहिला. इतका वेळ की जिन्यातला दिवा आपोआप विझला आणि मला भिंत चाचपडत बटण शोधावं लागलं. दिवा लागला तेव्हा साखळी निघालेली होती आणि तो आत किल्ली शोधत होता.

खोलीत दारू नव्हती आणि पैसे असल्यास चांगले पुरलेले होते. उघडी गादी, चादरीने झाकलेला आरसा, आणि खुर्च्या भिंतीला लावलेल्या, आम्ही त्या रात्री बसलो होतो तशाच. आठ-नऊ महिन्यांत एकही हललेली नव्हती. मला वाटतं दाराजवळची माझी. बसावं की न बसावं कळेना, म्हणून उभा राहिलो.

त्याने आधी नळाचं चाक धरलं. फिरेना. दोन्ही हातांनी फिरवलं. मग खाली पत्र्याचं घमेलं ठेवलं, गुडघे टेकून बसला आणि छोट्या किल्लीने स्क्रू सैल केला. आतून सुस्कारा निघाला आणि निघतच राहिला. कोल्योला लाजवील असा लांब. बाय स्तामेन कान देऊन ऐकत होता.

"हे त्सोंका करायची," तो म्हणाला. "म्हणायची, ही खालच्यांची वर्षभराची बडबड. कुणाची कुठली ते ओळखायची. हा पाचवा मजला. हा तुम्ही."

मी विचारलं, आमची कशी ओळखायची. तो म्हणाला, "मध्येच तुम्ही दोघंही हसायचात."

मग काळं पाणी आलं, मग कोमट, मग गरम. त्याने स्क्रू आवळला आणि तळवा रेडिएटरवर ठेवला. बराच वेळ काढला नाही. निघताना फक्त म्हणाला, "शेजाऱ्या, तुझ्या मुलीला कळवलंस?"

म्हटलं, इरा नाताळात येतेच आहे रॉटरडॅमहून.

तो "हं" म्हणाला.

खाली आलो तर आमची खोली ऊबदार झाली होती. उद्या नेवेना पाहील तर बल्बाचं नाव काढणार नाही.

२५ ऑक्टोबर

आली. दोन माणसांनी खुर्चीतून वर आणली, लिफ्ट बंद. (हेही आता माझंच खातं.) तिने सगळ्यात आधी रेडिएटरला हात लावला आणि म्हणाली, "बघ की. अग्निहोत्री झालास."

२ नोव्हेंबर

बिहीची फळं मागितली. मी टपोरी पिवळी निवडून आणली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे खिडकीच्या फळीवर, रेडिएटरच्या वर मांडली. ऊब लागली की त्यांचा वास खोलीभर पसरतो. खायला मागितली नाहीत. म्हणाली, वास पुरे. पथ्य नाही तर निदान खावं तरी. दोन चमचे सूप, त्यातलंही एक मला दिलं.

८ नोव्हेंबर

नेवेना पलंगावरून संसार शिकवते आहे. कपडे धुण्याच्या यंत्राचं कुठलं बटण, कोबीच्या लोणच्याचं पिंप कधी ढवळायचं, दोब्रिंकाचा वाढदिवस कधी. म्हटलं, हे तुला ठाऊक आहे तेवढं पुरे, दोघांनी पाठ करायचं कारण काय. ती म्हणाली, "तू पाठांतरात हुशार आहेस ना? मग कर." केलं. तिने मागाहून परीक्षाही घेतली. लोणच्यात नापास.

तपकिरी कोट दोब्रिंकाला देऊन टाकला. चांगला, लोकरीचा. म्हणाली, या हिवाळ्यात मी कुठे बाहेर जाते. म्हटलं, वसंतात नवा घेऊ. "घेऊ," म्हणाली.

इराला तिने स्वतःच फोन केला. ती वीस तारखेला येणार. नाताळापर्यंत थांबायला काय झालं होतं, असं मी विचारलं तर नेवेनाने मला पिंप ढवळायला पाठवलं.

१३ नोव्हेंबर

बाय स्तामेन भेटायला आला. न बोलावता, दाढी करून. आत आल्यावर आधी रेडिएटरवर हात ठेवला, वैद्य नाडी बघतो तसा, मग बसला. नेवेनाने मला लिंबं आणायला पाठवलं. घरात लिंबं होती. म्हणाली, ती जुनी आहेत.

परत आलो तेव्हा दोघं खिडकीबाहेर बघत बसली होती. विटोशावर बर्फ पडलं होतं. नेवेना म्हणाली, "बाय स्तामेन, मग ठरलं." तो उठला, तिच्या हातावर थोपटलं आणि माझ्याकडे न बघता गेला.

काय ठरलं ते विचारलं. म्हणाली, आम्ही पळून जाणार आहोत. म्हटलं, निदान लिंबं घेऊन जा.

१६ नोव्हेंबर

पट्ट्या आता दोन लावतो. ती बराच वेळ झोपते. जागी झाली की विचारते, खोली गरम आहे ना, आणि मी म्हणतो, हात लावून बघ. मग तिचा हात मीच नेऊन लावतो.

पुण्याला लेख पाठवायचा राहिला. संपादकाने विचारलं, काय विषय. लिहिलं, उष्णता.

१९ नोव्हेंबर

सकाळी गेली. मी चहा करत होतो.

दोब्रिंका आली. तिने काय काय करायचं ते केलं, आरशावर चादर टाकली, दिवाणखान्यातल्या खुर्च्या आणून भिंतीला लावल्या. म्हणाली, इरा उद्या दुपारी येईल तोवर नेवेना घरातच राहील. मी हो म्हटलं. या प्रसंगाचे मंत्र मला येतात. एकही आठवला नाही. मी बिह्यांकडे बघत उभा होतो. त्यांचा वास खोलीत दाटला होता.

मग बाय स्तामेन आला. कुणी कळवलं नव्हतं. त्याने जाड कोट घातला होता. टोपी काढली, पलंगाजवळ थोडा थांबला, मग खिडकीशी गेला, खाली वाकला आणि रेडिएटरचा नळ फिरवू लागला.

मी विचारलं, काय करतोस. माझा आवाज चढला असावा, कारण दोब्रिंका दारात आली. एवढी धडपड करून आणलेली ऊब.

तो वाकलेलाच होता. "उद्या दुपारपर्यंत खोली गार ठेवायला हवी, शेजाऱ्या," तो हळू म्हणाला. "मुलीने आईला नीट बघायला हवं."

नळ पुरता बंद झाला. आतलं पाणी थांबल्याचा बारीक आवाज आला. त्याने खिडकी उघडली.

"तिनेच सांगून ठेवलं होतं. म्हणाली, वासो उघडायच्या नादात आहे. बंद करायचं त्याला सुचणार नाही. आणि सुचलं तर त्याच्याने होणार नाही."

मी त्याला विचारलं, तुझा कुणी बंद केला होता. तो म्हणाला, "मीच. दुसरं कोण होतं?"

रेडिएटर निवेपर्यंत मी त्यावर हात ठेवून होतो. लोखंड फार सावकाश निवतं. मग बाय स्तामेनने माझा कोट आणून दिला आणि आम्ही भिंतीशी खुर्च्यांवर बसलो.

२१ नोव्हेंबर

इरा काल दुपारी आली. बघितलं. म्हणाली, आई छान दिसते आहे.

४ डिसेंबर

दारावर आता दोन कागद आहेत. बाय स्तामेनने त्याचा डिंक दिला. तो पिठाचा असतो, घरी शिजवलेला, त्सोंकाबाईंची कृती.

कोल्यो येऊन सांगून गेला की झोपायच्या खोल्यांची नळी सगळीकडे उत्तम चालते आहे, वरपासून खालपर्यंत. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी कारभाऱ्याचे आभार मानले. त्यांना आता रात्री खिडकी थोडी उघडावी लागते.

इरा परत जायच्या आधी घर आवरते आहे. आज तिने आईच्या खोलीचं दार उघडलं आणि तिथूनच विचारलं, "बाबा, इथे किती गारठा आहे. रेडिएटर चालू करू?"

म्हटलं, राहू दे. बंदच बरा आहे.